पाचवा पिंजरा

रविवारी दुपारी ती प्रयोगशाळेच्या तळघरातल्या प्राणीघरात गेली ती उंदरांची वजनं घ्यायला. काम दहा मिनिटांचं, पण तिचा जीव नुसता विटला होता. तिसऱ्यांदा तोच प्रयोग, अन् आधी दोन्ही वेळा तोच विचका.

कॅन्सरच्या उपचारांत तिच्या दादाची प्रतिकारशक्ती खचली, फुप्फुसात बुरशी वाढली आणि तो गेला. त्याच बुरशीवर ती औषध शोधत होती. आधी उंदरांची प्रतिकारशक्ती पाडायची, मग नाकावाटे बुरशी द्यायची. पाचव्या पिंजऱ्याला मात्र तुलनेसाठी बुरशी द्यायचीच नाही. आणि दर खेपेला फुप्फुसं बुरशीने भरून आधी मरायचे ते नेमके पाचव्यातलेच. सरांनी बजावलं होतं, "आता आकडे जुळले नाहीत, तर विषय बंद."

"काका, मागच्या वेळी पिंजऱ्यांची अदलाबदल झाली होती का हो?" तिने प्राणीघर सांभाळणाऱ्या काकांना विचारलं. आवाजात चीड होतीच.

"नाही, ताई." काका घुटमळले. "पण... त्यांच्या श्वासाकडे बघा जरा."

ती वैतागूनच वाकली. ओल्या भुशाचा वास आला. एरवी उंदराचं पोट श्वासागणिक कसं भरभर हलतं, मोजता येत नाही. पाचव्यातल्या सहाही उंदरांची पोटं संथ हलत होती. सगळी एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. माणसासारखी.

नीट ऐकावं म्हणून तिने श्वास रोखला.

सहाही पोटं थांबली.

तिने श्वास सोडला, तशी ती पुन्हा हलू लागली. पुन्हा रोखला. पुन्हा थांबली. वर पंख्याची घरघर तेवढी चालू होती.

"तुम्ही नसलात की हे नसतं, ताई..." काका हळूच म्हणाले.

हातातली वही टाकून ती धावत सुटली. जिना चढून दाराशी पोचली तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. खालून काकांचा दबका आवाज आला, "ताई... शांत व्हा. त्यांना धाप लागलीय."

कठडा घट्ट धरून तिने स्वतःला सावरलं. श्वास हळूहळू ताळ्यावर आला.

"आता ठीक आहेत," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "आता सगळ्यांनी मिळून एक मोठा श्वास घेतलाय..."

तिने घेतला नव्हता.

आणि मग, तिने न घेताच, तिची छाती भरत गेली.