पाऊस पडेपर्यंत बोलायचं नाही

"ए! हिरव्या टोपीवाल्या! मरायचं असेल तर किनाऱ्यावर जाऊन मर ना!"

हिरव्या टोपीवाल्याने गळ काही वर काढला नाही. नुसती मान वळवली... आणि हसला.

जूनमधली सकाळ. केल्सी तळ्यावरचं धुकं नुकतंच देवदारांच्या शेंड्यांकडे निघालेलं, आणि हे महाशय आपली चिमुकली नाव घेऊन नेमके लाल तरंगत्या खुणांच्या मधोमध मासे पकडत बसलेले. त्या खुणांच्या आत बदकंसुद्धा विचार करून उतरतात!

टोवाने आपली मोटरबोट त्याच्या नावेला भिडवली. "इथे क्लारा उतरते, कळलं? चार इंजिनांचं पाणविमान, दुमजली घराएवढं. ती थांबून पाणी भरत नाही, पळता पळता पिते. मध्ये सापडलास तर तुलाही पिईल."

"आज नाही पिणार." त्याने खिशातून तेलकट स्पार्क प्लग काढून दाखवला. "तिच्या तिसऱ्या इंजिनाचा. हा माझ्या खिशात आहे तोवर क्लारा जागची हलत नाही. मी लॉर्न. तिचा नवा इंजिनवाला."

"म्हणजे नियम ठाऊक असूनही बसलास? मग तर दुप्पट गाढव!"

आणि तिने सरळ त्याच्या नावेला दोरी बांधली. धक्क्यावर क्लाराच्या तळावरची सगळी माणसं चहाचे कप हातात धरून बघत असताना तिने त्याला ओढत नेलं. तो मात्र वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ बसलेला.

"रोज अशीच नेशील का गं?"

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण इथून दिसतंय फार छान."

टोवाचे कान लाल झाले. वाऱ्याने झाले असतील, असं तिने स्वतःला बजावलं.

क्लारा बांधली होती लढाईसाठी. पण ती तयार होईतो लढाईच संपली, आणि मग बिचारी बेटावरच्या या तळ्यावर जंगलाचे वणवे विझवायला आली. आता तिची चाळिशी उलटली होती, तरी तिचे वैमानिक कॅप्टन गिल्मर तिला 'पोरगी' म्हणत. टोवाचं काम तिच्या वाटेतलं पाणी राखण्याचं. पिढ्यान् पिढ्या या तळ्यातून लाकडं वाहून नेली, त्यातले काही ओंडके एका टोकाने बुडून उभे राहतात, डोकं पाण्याच्या जेमतेम खाली. बोटीवाल्याला दिसत नाहीत, वरून तर मुळीच नाहीत. क्लारा उतरण्याआधी टोवा वाटभर फिरायची, लांब काठीच्या आकडीने ओंडके ओढून काढायची, आणि मगच रेडिओवर म्हणायची, "पाणी मोकळं, क्लारा."

तेवढ्या तीन शब्दांवर ते अवाढव्य धूड खाली यायचं. पोट पाण्याला टेकलं की कॅप्टन इंजिनांच्या दांड्यांवरून हात काढून म्हणायचे, "इंजिनं तुझी!" आणि मागे बसलेला लॉर्न मापकांच्या काट्यांकडे बघत जोर वाढवायचा. समोर काय आहे, ते त्याला दिसायचंच नाही.

"मला तळं दिसत नाही," एका दुपारी धक्क्यावर तिच्या आईने पाठवलेला ब्लूबेरीचा केक खाता खाता तो म्हणाला. "मला फक्त तू ऐकू येतेस. 'पाणी मोकळं' म्हणण्याआधी तू एक श्वास घेतेस. ठाऊक आहे?"

"काहीतरीच!"

"घेतेस. मग मीही घेतो... तुझ्याबरोबर."

तिने त्याच्या पुढ्यातला उरलेला केक उचलला आणि स्वतः खाऊन टाकला.

घोटाळा झाला तो जुलैत. क्लारा खाली येत असताना टोवाला वाटेत काहीतरी काळं दिसलं. "थांबा! वर घ्या!" ती किंचाळली. क्लारा गर्जत वर गेली, रिकामीच. आणि ते काळं काहीतरी शांतपणे मान वर काढून तिच्याकडे बघू लागलं. पाणपक्षी होता! मग त्याने बुडी मारली. फेरी हुकली, पलीकडचा अर्धा डोंगर जळाला. कॅप्टन एवढंच म्हणाले, "होतं असं कधीकधी." पण असं का झालं, ते टोवाला पक्कं माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिने लॉर्नला गाठलं. "तू आत नसतास तर मी तो पक्षी ओळखला असता. तू आत असलास की मला नसलेले ओंडके दिसतात!"

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तुला... माझ्याबद्दल—"

"म्हणजे काहीही नाही! पाऊस पडेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही."

"इथे पाऊस सप्टेंबरात पडतो, टोवा."

"मग सप्टेंबरात बोल."

आणि त्या शहाण्याने तिचं ऐकलं! रोज समोरून यायचा, टोपीला हात लावायचा, पुढे जायचा. इतका आज्ञाधारकपणा तिला मुळीच अपेक्षित नव्हता. रागाने तिने त्या महिन्यात जरुरीपेक्षा जास्त ओंडके काढले.

ऑगस्टच्या अखेरीस वणवा कड्यावरून गावाकडे उतरला.

खाली लाकूडगिरणी, तिच्या मागची घरं, आणि कोपऱ्यावर आईची बेकरी. वणव्यांच्या हंगामात क्लाराचं बोलणं ऐकायला गावातल्या घराघरात रेडिओ लावलेला असे. आज तर चुलीवरचं सोडून सगळे त्याच्याभोवती उभे होते. तळ्यावर धूर उतरला होता. त्या धुरात टोवाच्या काठीला ओंडका लागला, वाटेच्या ऐन मधोमध. तिने आकडी रोवली, बोटीचा सगळा जोर लावला, पण तो तसूभरही हलेना.

"टोवा, पाणी कसं आहे?" कॅप्टनचा आवाज आला.

'नाही' म्हणावं तर गाव जातं. 'हो' म्हणावं तर... हा ओंडका क्लाराचं पोट फाडेल, आणि आत तो, काट्यांकडे बघत, तिच्या शब्दावर विसंबून.

ओंडक्याच्या उजवीकडची वाट तिने दोनदा पाहिली होती. खरंच पाहिली होती का? हो, पाहिली होती. तिथे पाणीच होतं. पण ओंडका कुठे आहे, हे वरून कळणार कसं?

तिने बोट ओंडक्याशी नेली, लॉर्नला ओढलेल्या त्याच दोरीने त्याला जखडून टाकली आणि नारिंगी दिवा पेटवून हातात धरला.

"क्लारा, दिव्याच्या उजवीकडून या. दिव्यापाशी ओंडका आहे."

"दिवा कशावर आहे, पोरी?"

"माझ्या बोटीवर. मी बोटीतच आहे."

मग ज्याने रेडिओवर बोलायचंच नसतं, तो बोलला. "टोवा, तिथून हल!"

"हलले तर दिवा कोण धरणार? आणि आपलं बोलणं बंद आहे!"

मग तोच, अगदी हळू... "उजवीकडे मोकळं आहे ना?"

टोवाने श्वास घेतला. तोही घेतोय, हे तिला न ऐकता कळलं.

"पाणी मोकळं, क्लारा."

"मग मोकळं," तो म्हणाला.

धूर फाटला आणि क्लारा आली. लालभडक, प्रचंड, पाण्याची भिंत उडवत! पंखाची सावली टोवाच्या डोक्यावरून गेली, बोट पाळण्यासारखी हेलकावली. क्लाराने पोटभर पाणी ओढलं, जडपणे उठली आणि आगीवर गेली. परत आली. पुन्हा गेली. संध्याकाळपर्यंत टोवा दिवा धरून बसली, आणि दर वेळी तिला पाण्यात तेवढंच दिसलं जेवढं खरोखर होतं.

ऊन कलताना गिरणीच्या कुंपणाशी आग विझली. विझली म्हणजे विझलीच! ट्रकांचे भोंगे वाजले, धक्क्यावर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि बोटीत एकटी बसलेली टोवा मोठ्याने हसत सुटली.

"पोरी," कॅप्टन म्हणाले, "पोटात एक खेप उरली आहे. भरल्या पोटी उतरता येत नाही. कुठे टाकू?" मग मागे काहीतरी कुजबुज. "काय? बरं, बरं, सांगतो रे... टोवा, बस तिथेच."

क्लारा वर गेली. धुराच्याही वर, उन्हात, तळ्याच्या अगदी मध्यावर. तिच्या पोटातून पांढरा पडदा सुटला, पसरला, विरत गेला... आणि खाली पोचेपर्यंत त्याची नुसती रिमझिम झाली. टोवाच्या केसांवर, पापण्यांवर, काजळीने माखलेल्या गालांवर.

"टोवा, पाऊस पडतोय," लॉर्न म्हणाला. "आता बोलू?"

"लबाडी आहे ही! पाऊस सप्टेंबरात पडतो."

"भिजली नाहीस?"

टोवाने स्वतःकडे पाहिलं. नखशिखांत चिंब.

"भिजले," ती म्हणाली. "बोल... पण सगळं गाव ऐकतंय."

"ऐकू दे. माझं तुझ्यावर प्रेम आहे. दोरी बांधून ओढत नेलंस ना, त्या दिवसापासून."

गावभर सगळे रेडिओला कान लावून उभे. आईच्या बेकरीत पाव करपले, ते याच वेळी.

"माझंही आहे," टोवा म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही. "झालं समाधान? आता इंजिनांकडे लक्ष दे."

"मी उतरू का?" कॅप्टनने विचारलं. "की तुमचं अजून चालणार आहे?"

टोवाने दिवा उंच धरला, उजवीकडची वाट पुन्हा एकदा नीट पाहून घेतली आणि श्वास घेतला.

"पाणी मोकळं, क्लारा. आणि जरा लवकर या."