पाठीला पाठ

लंडनमधल्या मेणाच्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या सभागृहात सकाळचे ऊन नेहमीच उशिरा पोहोचे. आधी ते पूर्वेच्या उंच खिडकीवर रेंगाळे, मग काळवंडलेल्या लाकडी भिंतीवरून, धुळीचा कण न् कण उजळीत, संथपणे खाली उतरे आणि लांब टेबलाच्या टोकाशी येऊन थांबे. तिथल्या खुर्चीवर ते पडले, की टोबायस मान फिरवी. गेल्या हिवाळ्यापर्यंत त्या खुर्चीवर त्याचा मित्र अँब्रोज बसे. दोघेही संघाचे लेखनिक. तेव्हा देशावर सत्ता गाजवणाऱ्या फौजेची टवाळी करणाऱ्या एका कवितेपायी अँब्रोजला धरून नेले. फेब्रुवारीत तो तुरुंगातल्या ओल्या गवतावर मेला.

आज दुपारी त्याच फौजेच्या अधिकाऱ्यांना संघाची मेजवानी होती. टोबायसने त्यांच्या स्तुतीच्या बारा ओळी रचून गिडियन नावाच्या नटाला म्हणायला दिल्या.

"चौदा आहेत की, कविराज," गिडियन डोळे मिचकावत म्हणाला. "शेवटच्या दोन तर झणझणीत. मान सांभाळा हं."

टोबायसने कागद हिसकावून पाहिला. ओळी बाराच होत्या. नटांना थट्टेची खोडच असते, असे स्वतःला बजावून त्याने तो परत केला.

जेवण आटोपले. गिडियन टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी उभा राहून कविता म्हणू लागला, आणि मोठा प्याला हातोहात फिरू लागला. पिणाऱ्याचे दोन्ही हात गुंततात. कुणी मागून सुरा खुपसू नये म्हणून शेजाऱ्याने उठून त्याच्या पाठीला पाठ लावायची, ही जुनी रीत. टोबायसच्या शेजारची खुर्ची अँब्रोजची, अजून रिकामी. तो एकटाच उठला. प्याला ओठांना लावला.

पाठीला पाठ टेकली.

गार, ओलसर. कुजक्या गवताचा वास.

गिडियनची बारावी ओळ संपली. तो थांबला नाही.

"कायदा निजला आहे इथे तलवारीच्या म्यानात,
उठवायाला जाल, तर गोळी घुसेल कानात."

एका अधिकाऱ्याने सुरी खाली ठेवली.

"टोबायस," संघप्रमुख हॉलिस हलकेच म्हणाले, "या ओळी कुणाच्या रे?"

"अँब्रोजच्या."

हिवाळ्यात ती टवाळीची कविता सापडली, तेव्हाही याच प्रश्नाला त्याने हेच उत्तर दिले होते.

पाठीवरचा भार सावकाश दूर झाला. आता मागे कुणी नव्हते.

हॉलिसनी गिडियनच्या हातातला कागद घेऊन उजेडात धरला. ओळी चौदा होत्या. शेवटच्या दोन अजून ओल्या.

अक्षर टोबायसचे होते. हिवाळ्यातली ती कविताही त्यानेच लिहिली होती.