थेंबभर बोला

रॅकवर मी लाल शाईने ठळक लिहिलं होतं, ‘हलवू नका’. आणि तो माणूस माझी बाटली कानाजवळ धरून खुशाल हलवत होता.

“ठेवा ती खाली,” मी म्हटलं.

“आत काही आहे का, बघत होतो...”

“होतं. सकाळपासून तळाला बसलेलं पाणी होतं. आता नाही.”

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग माझ्याकडे. “वाचता येतं मला,” तो हळूच म्हणाला, “पण आज कुणाला पटणार नाही.”

मला हसू आलं, म्हणून आणखीच राग आला.

तो केमिकल कंपनीचा माणूस. आमच्या प्लँटवर त्याचे निळे ड्रम यायचे, म्हणून लॅबमध्ये त्याचं नावच पडलं ड्रमवाला. जमिनीतून कच्चं तेल येतं ते एकटं येत नाही, पाणी घेऊन येतं. दोन्ही इतकी घुसळलेली असतात की दुधाच्या चहासारखा एकच रंग दिसतो. पाण्याच्या थेंबाथेंबाभोवती तेलातल्या डांबराची साय धरलेली असते. ड्रममधलं औषध अगदी थोडं घातलं की ती साय फाटते, थेंबाला थेंब मिळतो, जड होतो आणि तळाला बसतो. औषध किती घालायचं ते बाटल्यांमध्ये बघणं हे माझं काम. तेलात पाणी राहिलं तर पुढचे रिफायनरीवाले तेल परत पाठवतात, आणि बोल लॅबला लागतो.

दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला आला. तिसऱ्या दिवशी, माफी नीट पोचली का हे विचारायला. तोंडाचा पट्टा अखंड चालू. हात मात्र रॅकपासून लांब, पाठीमागे बांधलेले. ते बघून मला... जाऊ दे.

“तुमचं औषध प्लँटमध्ये दुपटीहून जास्त पडतंय,” मी एकदा त्याला म्हटलं. “अति तिथे माती. जास्त झालं की तेच औषध थेंबांना पुन्हा धरून ठेवतं. ही बाटली बघा.”

तळाला पाणी नव्हतंच, नुसता राडा होता. त्याने हात न लावता वाकून बघितलं. “साहेबांना सांगितलंत?”

“महिनाभर सांगतेय. ‘मॅडम, तुम्ही बाटल्या बघा, प्लँटचं आम्ही बघू.’”

पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्याला विचारलं, तेल परत का येतंय? तो म्हणाला, औषध कमी करा. बस्स, महिनाभर पालथा पडलेला घडा त्याच्या एका वाक्याने सुलटा झाला. “याला म्हणतात अनुभव,” साहेब म्हणाले, आणि कमी औषधाची प्लँटवरची चाचणी त्याच्याकडे दिली. माझी चाचणी. मी समोरच बसले होते.

“अहो, हे मॅडमनी शोधलंय,” तो म्हणाला.

“हो हो, त्यांनी मदत केलीच असेल.”

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, “तो तर तुझीच बाजू घेत होता. मग राग कुणाचा?”

“दोघांचा. माझं बोलणं साहेबांना त्याच्या तोंडूनच का ऐकू येतं?”

“आणि त्याचा राग कशाला?”

“तो... आवडतो म्हणून.”

ताईच्या हातातली चादर हातातच राहिली. “अगं बाई,” ती म्हणाली.

सकाळी तो दारातच उभा. “मी साहेबांना पुन्हा सांगतो, चाचणी तुम्हीच...”

“नको. तुम्ही सांगितलंत की तेही तुमचंच होईल. माझ्यासाठी एवढंच करा, गप्प राहा. साहेब मला विचारेपर्यंत.”

चाचणीला टाकीपाशी सगळे जमले. “बोला, औषध किती घालायचं?” साहेबांनी त्याला विचारलं. तो गप्प.

“अहो, तुम्हालाच विचारतोय.”

त्याने ओठ घट्ट मिटले, हात पाठीमागे बांधले आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. बिचाऱ्याला किती जड जात असेल ते मला ठाऊक होतं. हळूहळू सगळेच माझ्याकडे बघायला लागले. साहेब खाकरले.

“मॅडम... किती?”

“निम्म्याहून कमी. आणि पंप मी लावणार.”

दुपारी टाकीच्या तळाचा नळ उघडला. नितळ पाणी आलं. “मॅडमनी सांगितलंच होतं,” साहेब सगळ्यांना म्हणाले. “कधी ऐकलंत, साहेब?” मी सगळ्यांसमोर विचारलं.

लॅबमध्ये तो अजून गप्पच होता.

“आता बोललात तरी चालेल.”

“म्हणजे बघा, पहिल्या दिवशी ती बाटली... त्याच्याही आधी खरं तर गेटवर मी तुम्हाला...”

“नमनाला घडाभर तेल नको. थेंबभर बोला.”

तो थांबला. “आवडता तुम्ही मला.”

मी रॅककडे वळले. उगाच एक बाटली उचलली.

“मॅडम,” तो पाटीकडे बघत म्हणाला, “बाटली हलतेय.”

“वाचता येतं मला,” मी म्हटलं, आणि बाटली त्याच्या हातात दिली.