हेलिगचा सातवा उतार

उद्या सकाळी तुम्ही गाड्या घेऊन हेलिगच्या वाटेने निघणार, म्हणून काढतोय. एरवी ही गोष्ट मी सहसा काढत नाही. माबली, ती किटली इकडे सरकव. आणि शेडचं दार लोटून घे, पाऊस आत येतोय.

"आम्हाला घाबरवून घरी पाठवायचा बेत आहे ना, इवोरकाका?"

तुम्ही घरी गेलात तर बरंच आहे, तुमच्या गाड्या ओढायची माझी दगदग वाचेल. पण तुम्ही कसले जाताय! ऐका.

एल्गन माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. खाली गावात त्याचं गॅरेज. नदीत, चिखलात, डोंगरात रुतलेल्या गाड्या बाहेर काढायचं काम तो करायचा. भुताखेताचा विषय निघाला की म्हणायचा, "भुताची गाडी बंद पडली तर माझा नंबर द्या त्याला."

२०१६ साल. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, शनिवार. गुरुवारपासून पाऊस खळला नव्हता आणि गुरुवारपासूनच एल्गनची पाठ अंथरुणाला लागली नव्हती. एक गाडी काढून आणावी तर दुसरीचा फोन वाजायचा.

रात्री साडेनऊला माझ्या दारावर थापा पडल्या. उघडतो तर एक तरुण, नखशिखान्त भिजलेला. दोघे मित्र दोन जीप घेऊन दुपारी वर गेले होते. याची वाटेतच बंद पडली. दुसरी, त्याच्या मित्राची, कॅलमची, सातव्या उतारात दगडांत अडकली. गाडीत कॅलम आणि त्याची सहा वर्षांची मुलगी. हा डोंगराच्या कडेकडेने चार मैल अंधारात चालत आला होता.

नदी ओलांडायच्या जागांना आम्ही उतार म्हणतो, आणि हेलिगच्या वाटेवर ते सात. एरवी घोटाभर पाणी. त्या रात्री...

माझ्या ट्रॅक्टरचा क्लच याच शेडमध्ये सुटा होऊन पडला होता. बंबवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, गावाच्या खालचा रस्ता पाण्याखाली आहे, पोचायला पहाट होईल. मग एल्गनला लावला. उचलला, पण बोलेचना. तिसऱ्यांदा नाव घेऊन ओरडलो तेव्हा कळलं, फोन कानाला लावूनच झोपला होता.

मागून नेरिसचा, त्याच्या बायकोचा आवाज आला. "नाही जायचं! उभा राहता येत नाहीये तुला."

"पोरगी आहे गाडीत," तो म्हणाला. "सहा वर्षांची."

पावणेअकराला तो माझ्या फाटकातून वर गेला. मी म्हणालो, मी येतो बरोबर. तर म्हणाला, "तुझा गुडघा घेऊन? तूही अडकलास तर तुला कोण काढेल, म्हाताऱ्या? चहा ठेव."

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

पहिले तीन उतार त्याने ठरल्या पद्धतीने घेतले. लो गिअर, दुसरा. पाय एकदा ॲक्सिलेटरवर ठेवला की पलीकडच्या काठापर्यंत हलवायचा नाही. पाणी बॉनेटसमोर लाटेसारखं ढकलत जायचं. चौथ्याला मागचं चाक एका धोंड्यावरून घसरलं, गाडी हातभर वाहत गेली, पुन्हा तळाला लागली. म्हणाला, भीती वाटायला हवी होती, पण भ्यायचंही त्राण नव्हतं. काच खाली करून तोंडावर पाऊस घेत होता. स्वतःच्याच थोबाडीत मारत होता. मोठ्याने मोजत होता. पाच. सहा.

सातवा आला. जीप नव्हती.

वाटलं, वाहून गेली की काय. दिवा फिरवून खालचं वरचं पाणी पाहिलं. काही नाही. म्हणून पलीकडे गेला. पाणी तिथे अगदी शांत होतं, म्हणाला. आवाजच नाही.

पलीकडे घर होतं.

"तिथे घर कुठलं, काका? तिथे तर नुसती झाडं..."

तेच. माझ्या आज्यानेही तिथे घर पाहिलं नव्हतं. बुटकं दगडी घर. खिडकीत उजेड. धुरांड्यातून धूर. एल्गनला नवल वाटलं नाही. फक्त वाटलं... हं, घर आहे.

दार उघडलं. एक म्हातारी बाई, हातात कंदील. गाडीच्या खिडकीशी आली. आपल्याच भाषेत बोलली, पण चॅपलमधल्या जुन्या प्रार्थनेसारखी.

"किती उशीर केलात हो," ती म्हणाली. "आत या. अंथरूण घातलंय."

रागावलेली नव्हती. आई बोलते ना, तशी.

त्याने विचारलं, "आजी, इथे एक गाडी अडकलीय. लहान पोरगी आहे. पाहिलीत का?"

तिने कंदील थोडा वर धरला.

"पोरगी झोपली," ती म्हणाली. "आता तुम्हीही झोपा."

उघड्या दारातून आतली शेगडी दिसत होती. तिच्यासमोर एक खाट. पांघरूण दुमडून ठेवलेलं. एल्गन मला म्हणाला, "इवोर, आयुष्यात मला कुठल्या गोष्टीची इतकी ओढ लागली नव्हती. रडू येत होतं मला."

हात दाराच्या कडीवर गेला.

पोरगी झोपली...

कोणाची पोरगी? कुठे झोपली?

कंदील खिडकीशी आला. जवळ. आणखी जवळ. त्याला ऊब लागेना. गारच.

त्याने कडी सोडली. डोळे मिटले. पाय दाबला.

...

पाण्याचा आवाज आला. एवढा मोठा, की कानठळ्या बसाव्यात. डोळे उघडले. समोर सातवा उतार. मधोमध जीप, बॉनेटपर्यंत बुडालेली. टपावर कॅलम. त्याच्या जाकिटात गुंडाळलेली पोरगी.

कमरेभर पाण्यात उतरून एल्गनने जीपला हूक लावला, दोन दगडांमध्ये अडकलेलं चाक पहारेने सोडवलं, आणि विंचच्या दोराने ती ओढून काढली. वीस मिनिटं लागली. पोरीचे ओठ निळे पडले होते, पण बोलत होती. भूक लागली म्हणत होती.

आणि कॅलमने त्याची कॉलर धरली. "दीड तास!" तो ओरडला. "दीड तास तुझी गाडी समोरच्या काठावर उभी होती! दिवे चालू! घसा फुटेपर्यंत हाका मारल्या आम्ही! काय करत होतास?"

एल्गनने घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी.

साडेतीनला तो माझ्या स्वयंपाकघरात आला. नेरिस तोवर येऊन बसली होती. पोरीला माझ्या बायकोने पोटाशी घेऊन शेगडीपाशी बसवलं, तिने दूध-पाव खाल्ला आणि तिथेच झोपली. ती वाचली. आता मोठी झाली असेल.

एल्गन खुर्चीत बसला आणि हे सगळं सांगितलं. हळू आवाजात. मध्येच थांबायचा. शेवटी म्हणाला, "त्या घरापाशी मी गाडीतून उतरलो नाही, नेरिस. कडीवर हात होता फक्त. उतरलो नाही. आईशपथ."

"बरं," ती म्हणाली. "नाही उतरलास. बूट काढ."

बोटं वळत नव्हती त्याची. मी खाली बसलो, नाड्या सोडल्या. डावा बूट ओढला. शेरभर पाणी फरशीवर सांडलं. मग उजवा.

नेरिस पुढे वाकली.

त्याच्या पायांत राखाडी लोकरीचे मोजे होते. गुडघ्यापर्यंत, हाताने विणलेले. अंगठ्यापाशी काळ्या धाग्याने रफू.

"हे... तुझे नाहीत," ती म्हणाली.

मी हात लावला.

कोरडे होते. आणि शेगडीजवळ वाळत घातल्यासारखे... गरम.