एका बोटाची टकटक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीचं ऑफिस काही मोठं नव्हतं. खाली सुट्या भागांचं गोदाम, बाजूने लोखंडी जिना, आणि वर एकच खोली. खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरसमोर ताई. तिला नावाने हाक मारणारं तिथे कुणीच नव्हतं. मेकॅनिक ताई म्हणत, गिऱ्हाइकं ताई म्हणत, आणि तिच्या बापाच्या वयाचे मालकसुद्धा ताईच म्हणत.

तिचं काम निरोपांचं. अमक्या इमारतीत लिफ्ट अडली, तमक्या ठिकाणी दार लागत नाही, असं मेकॅनिक आणि इमारतींचे केअरटेकर यांच्या फोनवरच्या ग्रुपवर यायचं आणि ती ते योग्य त्या मेकॅनिककडे धाडायची. निरोप आला की कॉम्प्युटर ‘टुंग’ करी, आणि त्याच्या पाठोपाठ टेबलावरचा फोन भुंग्यासारखा घुरघुरत सरकत जाई. निरोप एक, कटकट दोनदा. त्यात कुणी सकाळची फुलं पाठवी, कुणी नातवाचा फोटो. संध्याकाळपर्यंत तिचं डोकं भणभणून जाई.

पण एका निरोपाला तिथे फार मान होता. लिफ्टच्या वाटेत, सगळ्यात खालच्या मजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. कधीकधी माणसाला त्यात उतरून काम करावं लागतं. तेव्हा लिफ्टचं सगळं धूड त्याच्या डोक्यावर असतं. उतरण्याआधी मेकॅनिकने ग्रुपवर एकच शब्द टाकायचा, ‘आत’. वर आला की दुसरा, ‘बाहेर’. या दोन शब्दांच्या मधे ऑफिसला विचारल्याशिवाय लिफ्टच्या मुख्य बटणाला कुणीही हात लावायचा नाही. ही रीत मास्तरांनी घालून दिली होती.

मास्तर म्हणजे ताईच्या आधी त्या खुर्चीवर बसणारे. जुने मेकॅनिक. गुडघा कामातून गेला तेव्हा मालकांनी त्यांना वर आणून बसवलं. टायपिंग एकाच बोटाने. बोट उंच उचलायचे, अक्षर शोधायचे आणि खिळा ठोकावा तसं ठोकायचे. टक… टक… प्रत्येक शब्दापुढे टिंब. “टिंब दिलं की वाचणारा थांबतो,” म्हणायचे. ताईला काम त्यांनीच शिकवलं. तिची बोटं अडखळली की म्हणायचे, “चुकू दे पोरी. हळू. कुणी मागे लागलंय का?” मागच्या थंडीत छातीचं दुखणं झालं आणि मास्तर गेले. गुडघ्याला चोळायच्या त्यांच्या निलगिरीच्या तेलाचा वास खोलीत बरेच दिवस रेंगाळला, मग तोही निघून गेला.

ताईचा पाठचा भाऊ त्याच कंपनीत मेकॅनिक होता. अंगाने इतका आडवा, की दारात तिरका झाल्याशिवाय आत येत नसे, म्हणून सगळे त्याला थट्टेने बारक्या म्हणत. आई लवकर गेली. तेव्हा ताई स्वतःच परकरात होती, पण तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आजारात मांडीवर घेतलं. तिला त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी सकाळी बारक्या हत्यारांची पिशवी घ्यायला वर आला आणि टेबलावर नाचणारा फोन बघून हसत सुटला.

“ताई, याला झपाटलंय की काय?”

“झपाटलंय मला. दोन्हीकडून ओरडतात मेले. एकाला गप्प करावं तर भीती वाटते, काही राहून गेलं तर?”

“आण इकडे. अगं, याची सोय असते. तू कॉम्प्युटरवर असलीस की फोन गप्प बसणार. कॉम्प्युटर बंद केलास की फोन बोलायला लागणार. एकाच वेळी दोघं नाहीत.”

“नक्की ना?”

“नक्की म्हणजे! तुझा भाऊ आहे मी, गंमत आहे का?” फोनवर चार ठिकाणी बोट फिरवून त्याने तो तिच्यापुढे ठेवला. “हे घे. आजपासून तुझ्या डोक्याला आराम. आता भावाला चहा पाज.”

चहा पिताना त्याने सांगितलं, की दुपारी एका जुन्या सहामजली इमारतीत जायचंय. खड्ड्यात एक लाल खटका असतो. तो दाबून ठेवला की माणूस खाली असेपर्यंत लिफ्ट हलत नाही. तो खटकाच बिघडला होता आणि तोच बदलायचा होता. “म्हणजे आज वरचं मुख्य बटण बंद, आणि तू,” तो म्हणाला. “एवढ्या दोघांच्या भरवशावर.”

“मेल्या, असं बोलू नये.”

दुपारनंतर धुकं उतरलं. खिडकीबाहेरचा रस्ता आधी फिका झाला, मग नाहीसाच झाला. गाड्यांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येऊ लागले. अजून दिवे लावायची वेळ झाली नव्हती, पण खोलीत कॉम्प्युटरच्या पडद्याशिवाय काही नीट दिसत नव्हतं. एवढ्यात खालून हॉर्न वाजला. दोरखंडाची रिळं घेऊन टेम्पो आला होता. बारक्याचा निरोप अजून आला नव्हता. ताईने फोन मुठीत घेतला आणि ती जिना उतरली. निरोप आलाच तर फोन वाजेल, असं तिच्या मनाने धरलं. इतकी वर्षं तो वाजतच आला होता. वर कॉम्प्युटर चालू आहे आणि म्हणून हातातला फोन मुका आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

टेम्पोवाला गप्पिष्ट होता. रिळं उतरवायची सोडून धुक्याला शिव्या देत बसला.

“ताई, स्वतःचा हात दिसेना. मघाशी एका झाडालाच पत्ता विचारला.”

“सांगितला का त्याने?”

“माणसापेक्षा बरा सांगितला.”

ताई हसली. फोन शांत होता. किती दिवसांनी अशी शांतता, बारक्याचं भलं होवो, असं तिच्या मनात आलं.

शेवटचं रीळ खाली ठेवताना टेम्पोवाला मधेच थबकला. मान वर करून म्हणाला, “वर कोण बसलंय?”

“कुणी नाही. मी एकटीच असते.”

“मग टाइप कोण करतंय?”

ताईने कान दिला. धुक्यात सगळे आवाज विरघळून गेले होते. त्यातून तो एकच आवाज स्वच्छ येत होता.

टक… टक… टक…

एका बोटाचा. हळू. खिळा ठोकावा तसा.

तिच्या पाठीवरून काटा सरसरत गेला. “तुम्ही… ऐकताय ना?” तिने विचारलं.

“ऐकतोय म्हणून तर विचारलं,” तो म्हणाला, आणि टेम्पोच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. “येऊ का वर?”

“नको… थांबा इथेच.”

जिन्याचा कठडा बर्फासारखा लागला. ती एकेक पायरी चढत गेली तसा आवाज जवळ येत गेला. टक… मग थोडं थांबणं, अक्षर शोधल्यासारखं… मग पुन्हा टक. ती उंबऱ्याशी पोचली आणि शेवटचा एक ठोका पडला, बाकीच्यांपेक्षा जोरात. मग काही नाही.

खोली रिकामी होती. खुर्ची जराशी खिडकीकडे वळलेली होती, दुखऱ्या गुडघ्याचा माणूस उठताना वळते तशी. आणि खोलीभर निलगिरीच्या तेलाचा वास होता… ताजा, आत्ता बाटली उघडल्यासारखा.

पडद्यावर ग्रुप उघडा होता. ताईने वाचलं.

बारक्याचा निरोप होता, ‘आत’.

त्याखाली त्या इमारतीच्या केअरटेकरचा. पाळी बदलली होती, हा नुकताच आलेला होता. ‘ताई, पाचव्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचंय. श्वास लागलाय. लिफ्ट बंद दिसते. चालू करू का?’ मग पुन्हा त्याचाच, ‘ताई, आहात का?’ मग, ‘थांबता येत नाही. चालू करतो.’

आणि त्याच्याखाली, ताईच्याच नावाने,

‘नको. माणूस. खाली. आहे.’

त्यावर केअरटेकरचं उत्तर येऊन पडलं होतं. ‘अरे देवा. हात काढला. आजींना खुर्चीत बसवून उचलून नेतो.’

ताईने बारक्याला फोन लावला. खड्ड्यात फोन लागत नसे, तो लागला नाही. खुर्चीवर बसायचं धाडस तिला झालं नाही. ती टेबलाला धरून उभी राहिली, पडद्याकडे टक लावून. तेल दरवळत होतं. खिडकीबाहेर धुकं काचेला चिकटून होतं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मग कॉम्प्युटर ‘टुंग’ झाला.

‘बाहेर’.

ती खालीच बसली, फरशीवर. रडू आवरेना. तिने त्या रिकाम्या खुर्चीपुढे दोन्ही हात जोडले.

“मास्तर… माझं लेकरू वाचवलंत. हे उपकार मी कसे फेडू…”

वास हळूहळू ओसरला.

बारक्या अंधार पडताना आला. नेहमीसारखा ओरडत आला नाही. दारात तिरका होऊन आत शिरला आणि तिच्या पायाशी बसला.

“ताई, त्या माणसाचा हात बटणावर होता. त्याने स्वतः सांगितलं.” त्याने हत्यारांची पिशवी बाजूला ठेवली. “आजी पोचल्या दवाखान्यात. बऱ्या आहेत. आणि तू… तू वेळेवर होतीस म्हणून.”

“मी नव्हते रे.”

“म्हणजे?”

“मी खाली होते. फोन वाजलाच नाही.”

बारक्याचा चेहरा उतरला. सकाळी आपण काय करून ठेवलं, ते त्याला तेव्हा उमगलं. मग त्याने पडद्यावरचा तो निरोप पुन्हा वाचला आणि टिंबांवरून बोट फिरवलं. शेवटी तिचा फोन घेऊन त्याने सकाळची सोय काढून टाकली.

“वाजू दे दोन्हीकडे,” तो म्हणाला. “डोकं दुखलं तर दुखू दे.”

“दुखू दे,” ताई म्हणाली, आणि तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तिने घरून एक लाकडी स्टूल आणलं. खुर्ची पुसून टेबलासमोर नीट ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसून काम करू लागली. मेकॅनिकांपैकी कुणी थट्टा केली नाही. एकजण तर मुकाट्याने निलगिरीच्या तेलाची बाटली खिडकीत ठेवून गेला. पुढे ताईने आणखी एक करायला सुरुवात केली. कुणाचा ‘आत’ आला की ती त्याला उत्तर देई, फोन मुठीत घेई आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसे, दार लोटून. फोन आता वाजत होता, त्यामुळे निरोप सुटायची भीती नव्हती. मास्तरांना निवांत बसता यावं, एवढंच. कधी आतून टकटक ऐकू येई, कधी येत नसे. ऐकू आली की तिला आधार वाटे, घरातलं मोठं माणूस जागं असल्यासारखा.

थंडी संपत आली होती, तेव्हाची एक दुपार. बारक्याचा ‘आत’ आला. ताई नेहमीसारखी जिन्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने आत आवाज सुरू झाला.

टक… टक…

तिने डोळे मिटले. आणि मग तिला ते ऐकू आलं. मास्तरांच्या प्रत्येक ठोक्यामागून आणखी एक ठोका येत होता. हलका. चाचपडत. एक अक्षर दाखवावं आणि दुसऱ्या कुणीतरी ते गिरवावं तसा. टक… आणि मग, अडखळून, टक.

मास्तर कुणाला तरी शिकवत होते.

ताईच्या हातातला फोन घामाने निसटू लागला. तो वाजला. ‘बाहेर’. तिने लगेच बारक्याला फोन लावला.

“काय ग ताई? आत्ताच तर टाकलं.”

“बरा आहेस ना?”

“बरा म्हणजे काय, भूक लागलीय.”

तिने एकेका मेकॅनिकला फोन केला. सगळ्यांनी उचलला. सगळे धडधाकट, सगळे हसत होते. मालकांना केला, त्यांनीही उचलला. कुणीच कमी नव्हतं. स्वतःला मात्र तिने मोजलं नव्हतं.

आतला आवाज थांबला होता. ताईने दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. तिने भीत भीत खुर्चीवर हात ठेवला. खुर्ची गार होती.

तिचं लाकडी स्टूल मात्र, जे ती टेबलापासून दूर सारून गेली होती, खुर्चीला अगदी चिकटून ओढलेलं होतं. त्यावर तिने हात ठेवला, तेव्हा ते ऊबदार लागलं.