काळ्या पट्टीचा मारेकरी

"कुणीही हात लावू नका! जिथं आहात तिथंच थांबा!" ताई ओरडली.

तिचा धाकटा भाऊ बटण एका पायावर उभा राहिला. मामेबहीण खारूताईने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. अंगणातल्या गाडीच्या डाव्या बाजूकडे तिघं बघतच राहिली.

काल संध्याकाळी त्या खिडक्यांखालच्या चकचकीत पट्ट्या त्यांनी काळ्या केल्या होत्या. चिकटपट्टी लावून, काचांवर कागद बांधून, स्प्रेच्या डब्याने पातळ पातळ पाच हात दिले होते. हा रंग वाळला की रबरासारखा होतो आणि नको झाला की सालीसारखा सोलून काढता येतो. आज त्याचा चिखल झाला होता. पट्टीवरून काळे ओघळ खाली दरवाजावर आले होते.

"उजवी बाजू?" ताईने विचारलं.

बटण धावत जाऊन आला. "एकदम झकास! डाग नाही!"

तेवढ्यात बाबा बाहेर आले. कारखाना बंद झाल्यापासून ही गाडीच त्यांची शेवटची आशा होती. एका हॉटेलला पाहुण्यांसाठी एकच गाडी हवी होती. अट एवढीच, की बाहेरून काहीही चकाकता कामा नये. तपासणी आज दुपारी होती.

बाबांनी पट्टीला बोट लावलं. बोट काळं झालं.

"तुमच्या हातात काम दिलं, हीच माझी चूक," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी कालच म्हणत होतो!" पायरीवरून काका म्हणाले. बाबांचे हे मोठे भाऊ शेजारच्याच खोल्यांत राहत. "पोरांच्या हाती रंग दिलास, आता भोग!"

दोघं आत गेले. बटणचे डोळे भरून आले.

"रडू नकोस रे, रंगात पाणी पडेल," खारूताई म्हणाली.

"डबा हलवायला कमी पडलो का आपण?" बटणने विचारलं.

"मग उजवी बाजू का टिकली? डबा तोच, हात तेच." ताई खाली वाकली. ओघळ काचेच्या कडेपासून सुरू झाले होते. ती एकदम ताठ झाली. "खारे, काल इथला कागद उडाला होता ना?"

"हो. काचेवर काळे ठिपके पडले होते. तू म्हणालीस, सकाळी नखाने काढू."

"मग कुठे आहेत ते?"

काच लखलखीत होती! खारूताईने नाक जवळ नेलं. "पेट्रोल! शी!"

"पेट्रोलने हा रंग विरघळतो. डब्यावर लिहिलंय की!"

"पण नासधूस करणारा काच कशाला पुसेल?" बटण म्हणाला.

"तेच तर! त्याला नासधूस करायचीच नव्हती. त्याला काच घाण दिसली, एवढंच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवसातून वीस वेळा चष्मा पुसणारा माणूस या घरात एकच होता.

"काकांना विचारूया?" बटण म्हणाला.

"विचारलं तर म्हणतील, काल जन्मलेली पोरं मला शिकवतात! पुरावा हवा."

ताईने उजवीकडची पट्टी प्लास्टिकने घट्ट झाकली आणि तिच्या वरच्या काचेवर रंगाचा बारीकसा फवारा मारला. मग तिने बाबांना हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे आणलं. "फक्त पाच मिनिटं, बाबा. मग हवं ते बोला."

काका आले. गाडीपाशी थबकले. "च्! ही कार्टी!" असं पुटपुटत त्यांनी आपल्या स्कूटरच्या डिकीतून पेट्रोलमध्ये भिजवलेला कापडाचा बोळा काढला आणि काचेवर खसाखसा घासू लागले. थेंब ओघळून प्लास्टिकवर टपटपले.

"काका, थांबा!" तिघं एकदम ओरडले.

काका दचकले. मागे बाबा उभे होते.

"अरे, मी तर मदत… सकाळीही तेवढी एक काच…" काकांनी हातातल्या बोळ्याकडे पाहिलं, मग डाव्या बाजूकडे.

कोडं सुटलं. पट्टी मात्र तशीच होती, आणि उरला होता अर्धा डबा!

मग सगळेच झटले. काकांनी सगळा चिखल पुसून काढला, खारूताईने साबणाने धुतलं, बटणने वारा घातला. ताई एकेक हात देत गेली. रंग वाळेपर्यंत दोन हातांच्या मध्ये थांबायला हवं होतं. थांबायला वेळ नव्हता. मागच्या खिडकीपाशी डबा फुस्स करून थांबला. तिने हलवला, उलटा केला, पुन्हा दाबला. वीतभर पट्टी करडीच राहिली. खालची चकाकी स्पष्ट दिसत होती.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि गाडी घेऊन निघून गेले.

दुपारभर कुणी खेळलं नाही. काका पायरीवर बसून राहिले. आज त्यांनी चष्मा पुसला नाही.

गाडी परत आली तेव्हा बाबांच्या चेहऱ्याकडे बघूनच सगळ्यांना कळलं.

"दुसरी गाडी घेतली त्यांनी," बाबा म्हणाले. "ती वीतभर पट्टी साहेबांना लगेच दिसली."

"चूक माझी आहे. मी जाऊन सांगतो त्यांना!" काका उठले.

"जागा भरली, दादा."

काका पुन्हा बसले. मग ताईकडे न बघता म्हणाले, "तुझं डोकं चालतं हो, पोरी. माझं चाललं नाही."

बाबा मुलांसमोर उकिडवे बसले. "उजवी बाजू बघून साहेबांनी विचारलं, कुठल्या गॅरेजात केलीत? मी म्हटलं, घरी. माझ्या पोरांनी. सकाळी मी बोललो ते चुकीचं होतं. हात चांगले आहेत तुमचे."

"मग आता काय करायचं, बाबा?" बटणने विचारलं.

"आता? माहीत नाही रे."

त्यांनी ताईचा काळाकुट्ट हात आपल्या हातात घेतला. वाळलेल्या रंगाची सालपटं त्यांच्या तळहाताला चिकटली. तरी त्यांनी तो बराच वेळ सोडला नाही.