डिस्क नीट काढली नव्हती

ही गोष्ट खरी आहे. मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, भुताखेतांच्या वाटेला कधी गेलो नाही. तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. मला फक्त सांगून मोकळं व्हायचंय.

मंगळवार होता. भर दुपार. माझ्या घराची मागची खोली.

पण चूक त्याच्या वर्षभर आधीची, आणि ती माझीच.

आत्याच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. नंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. लेकीला लहानपणी वाचून दाखवायची ते गोष्टींचं जाड पुस्तक तिला आपल्या आवाजात ठेवून जायचं होतं. मी तिला तळहाताएवढा लिनक्सचा कॉम्प्युटर, माइक आणि बाहेरून जोडायची डिस्क लावून दिली.

पहिले दहा दिवस नुसता सराव. वाचायची, आवडलं नाही की पुसायची.

आणि रोज मला फोन. "अरे, डिस्क नीट काढली नव्हती, असं म्हणतोय हा."

कारण साधं होतं. वाचून झालं की आत्या थेट भिंतीवरचा स्विच बंद करायची. इस्त्री काय नि कॉम्प्युटर काय, तिला सगळं सारखंच. सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी ती सूचनाच बंद करून टाकली. डिस्क जोडली गेली नाही तरी कॉम्प्युटरने मुकाट सुरू व्हावं, अशी सोय केली.

"झालं दुरुस्त," म्हणालो.

त्यानंतर वायर जागेवर असूनही कॉम्प्युटरने डिस्क एकदाही जोडून घेतली नाही. वाचन आतल्या छोट्या कार्डावर साठत गेलं. कार्ड भरलं, कॉम्प्युटर अडला. सगळं डिस्कवर असणारच, या गुर्मीत मी न बघता कार्ड पुसून, त्याच सेटिंग्जसकट नव्याने भरलं.

डिस्क उघडली, तेव्हा ती रिकामी होती.

तोवर ऑपरेशन झालेलं होतं. आत्याने पाटीवर लिहून विचारलं, "एकेचाळीस गोष्टी आहेत ना नीट?"

मी मान डोलावली.

ती त्याच समाधानात गेली. सामान मी घरी आणलं, माइक टाकून दिला, डिस्क खणात कोंडली. आतेबहीण विचारायची, मी म्हणायचो, शोधतोय.

त्या मंगळवारी धीर करून डिस्क त्याच छोट्या कॉम्प्युटरला जोडली. काही तुकडे तरी सापडतील म्हणून.

पडद्यावर आलं... डिस्क नीट काढली नव्हती.

जी सूचना मी स्वतः बंद केली होती.

डिस्क शेवटची कधी जोडली, याची नोंद तिच्यातच असते. ती पाहिली. काल दुपारी, चार वाजून वीस मिनिटं.

काल ती खणात होती. खणाची किल्ली माझ्या खिशात होती.

आत एक फाइल होती. बारा मिनिटांची. मी लावली...

आवाज नाही.

नुसता श्वास. मग... पान उलटल्याचा आवाज. पुन्हा श्वास. पुन्हा पान.

बुधवारी दुसरी फाइल. गुरुवारी तिसरी. आत्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली होती, आणि आता तिला आवाज नव्हता. माझ्यामुळे.

रविवारी बहिणीला सगळं सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने फक्त कॉम्प्युटर आणि डिस्क मागून घेतली.

तीन आठवड्यांनी मी तिच्याकडे गेलो. पुस्तक तिच्या मांडीवर उघडं होतं. म्हणाली, आई रोज वाचते, चार वीसला सुरू करते, बारा मिनिटं. पान उलटल्याचं ऐकू आलं की मीही उलटते. बहिणीला इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तिने त्या दिवसाची फाइल लावली.

श्वास. पान. श्वास...

तिसऱ्या मिनिटाला दारावरची बेल वाजली. फाइलमध्ये. चार वीसनंतर मी आलो, तेव्हा वाजवलेली बेल.

मग पुस्तक मिटल्याचा आवाज.

पुढे काहीच नाही.

बहिणीने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, यापुढे या वेळेला नको येऊस."

मी त्यानंतर तिच्या घरी गेलेलो नाही. कुठल्याच वेळेला.